ब्रेस्ट रिडक्शननंतर निपलला कळतं का? बाहेरचे टाके सोडा, आतलं देठ विचारा

छाती लहान करायचं ऑपरेशन, म्हणजे डॉक्टर ज्याला ब्रेस्ट रिडक्शन म्हणतात ते, आपल्या नागपुरात आता काही नवल राहिलं नाही, धंतोली-रामदासपेठेत एक चक्कर मारा आणि प्लास्टिक सर्जनच्या पाट्या बघा. मान-पाठ धरलेली, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेले, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की छातीखालच्या घडीत घामानं कातडी लाल होऊन सोलून निघते, पावडर लाव, मलम लाव, सुती रुमाल खोसून ठेव, काही उपयोग नाही. ह्या सगळ्याला कंटाळून बायका जातात, हौस म्हणून जाणाऱ्या फारच थोड्या. आणि तिथं जाऊन विचारल्या काय जाते, तर खर्च किती, टाके दिसतील का, सुट्टी किती दिवसांची घेऊ. नंतर तिथला स्पर्श कळेल का, हे कोणी विचारत नाही, कारण शेजारच्या खुर्चीवर सासू नाहीतर भाऊ बसलेला असतो.

माझ्या नणंदेचं झालं तेव्हा मी सोबत होती. सगळं बोलणं झालं, फाइल घेऊन लिफ्टजवळ आलो आणि ही म्हणते, "वहिनी, मले एकच विचाराचं होतं अन् तेच राह्यलं. तिथं नंतर काही समजन का नाही?" परत आत गेलो, विचारलं. डॉक्टरांनी चांगलं उत्तर दिलं, पण पाच मिनिटात जेवढं होते तेवढंच. मी फिजिओथेरपिस्ट, सर्जन नाही, पण दुखावलेल्या नसा हे माझं रोजचं काम आहे म्हणून मग बसून वाचलं, ओळखीच्या सर्जनना त्रास दिला, आणि जे समजलं ते इथं मांडते. राहील का जाईल ह्याची गॅरंटी आधी कोणीच देऊ शकत नाही. पण ते कशावर ठरतं हे बऱ्यापैकी नक्की सांगता येतं, आणि ते तुम्हाला बाहेरून दिसणाऱ्या टाक्यांवर फारसं ठरत नाही.

आधी नसा कुठून येतात ते बघू. इथं नस म्हणजे संवेदना नेणारी नस, रक्ताची नळी वेगळी, बोलताना आपण दोघींनाही नसच म्हणतो म्हणून सांगून ठेवलं. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठानं एक नस पाठीकडून पुढे येते आणि वाटेत तिच्यातून कातडीसाठी फांद्या निघतात, एक काखेच्या खालून बाजूनं, दुसरी अगदी समोर, छातीच्या मधल्या हाडाजवळून. स्तनाच्या वरच्या भागाच्या कातडीला मानेतून कॉलरबोनवरून उतरणाऱ्या नसा पण असतात. निपलला मात्र मुख्यतः तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसेच्या फांद्या जातात, आणि त्यातही चौथीची बाजूची फांदी सगळ्यात महत्त्वाची, ती बहुतेक सगळ्या बायकांमध्ये सापडतेच.

आता ह्या चौथ्या फांदीचा रस्ता नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे. काखेखालून बाहेर पडली की ती कातडीखालून सरळ निपलकडे जात नाही. बहुतेकींमध्ये ती खोल जाते, छातीच्या मोठ्या स्नायूवर जो पातळ पांढरा पडदा असतो त्याला चिकटून, म्हणजे स्तनाच्या अगदी तळाशी, पुढे सरकते, आणि मग एका ठिकाणी उभी वळून ग्रंथीच्या आतून वर चढत निपलच्या मागच्या बाजूला येऊन लागते. सर्जन लोक हे घड्याळावर सांगतात, डाव्या स्तनात साधारण चार वाजताच्या दिशेनं, उजव्यात आठ, म्हणजे बाहेरच्या-खालच्या कोपऱ्यातून. समोरून मधल्या हाडाजवळून येणाऱ्या फांद्यांचं उलटं आहे, त्या कातडीजवळून उथळ चालतात आणि निपलभोवतीच्या काळसर गोलाच्या आतल्या काठाला येतात. १९९८ मध्ये व्हिएन्नाच्या एलिझाबेथ व्यूरिंगर ह्या सर्जनबाईंनी असं दाखवून दिलं की पाचव्या बरगडीच्या रेषेतून तंतूंचा एक आडवा पडदा निघून निपलपर्यंत जातो आणि नसा आणि रक्तवाहिन्यांचा बराच मोठा भाग ह्या पडद्याच्या सोबतीनं येतो. त्याच्या आधी पण ऑपरेशनं होतच होती आणि बऱ्याच जणींची संवेदना टिकत पण होती, पण का टिकते आणि का जाते ह्याचा नकाशा तेव्हापासून जास्त स्पष्ट झाला.

म्हणजे निपलला दोन बाजूंनी लाइन आहे, एक खोल आणि बाहेरून, म्हणजे काखेकडून, दुसरी उथळ आणि आतून, म्हणजे मधल्या हाडाकडून. ऑपरेशन करताना ह्यातली कोणती ठेवली, दोन्ही ठेवल्या, का दोन्ही गेल्या, हा सगळा खेळ.

पण थांबा, एक गोष्ट अशी आहे जी बायकांना सांगितली की त्या चकित होतात. खूप मोठ्या छातीची संवेदना मुळातच कमी असते. मोजून बघितलेलं आहे हे, मोठ्या स्तनाच्या निपलला हलका स्पर्श जाणवायला लहान स्तनापेक्षा जास्त दाब द्यावा लागतो. एक तर नसा तेवढ्याच आणि कातडी दुप्पट पसरलेली, दुसरं म्हणजे वजनानं खाली लोंबून लोंबून नस सतत ताणलेली. त्यामुळे वजन उतरल्यावर काही जणींना ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्त कळायला लागतं, हे पण खरं आहे. आणि संवेदनेचा अजून एक भाग जो छातीत नाहीच, हातात आहे. ब्राचे पट्टे खांद्यात रुतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर दाब येतो आणि करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात, माझ्याकडे अशा बायका मानेच्या मणक्याचा त्रास समजून येतात, गळ्यात पट्टा घालूनच, बाप्पा. रिडक्शननंतर ह्यातल्या बऱ्याच जणींच्या मुंग्या कमी होतात. म्हणून संवेदना जाईल का येईल हा हिशेब एकतर्फी घाट्याचा नाही.

आता ऑपरेशनकडे. सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो की लोक बाहेरच्या कापाला पद्धत समजतात. गुगलवर पण तेच, लॉलीपॉप का अँकर. हे कातडीवरचे काप आहेत. गोलाभोवती आणि तिथून खाली एक उभी रेघ, तो लॉलीपॉप. त्याला खाली छातीच्या घडीत आडवी रेघ जोडली की उलटा टी, त्यालाच अँकर म्हणतात. हा उलट्या टीचा नमुना अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइजनी १९५६ मध्ये छापला आणि तो त्याला ब्रा शिवायच्या कटिंगवरून सुचला होता, अजूनही सर्जन मार्करनं छातीवर आखतात ती बरेचदा वाइजचीच आकृती. हे सगळं ठरवतं की कातडी किती काढायची आणि डाग कुठे राहतील.

आतलं वेगळं आहे. निपल खाली उतरलेलं असतं, ते वर न्यायचं आहे आणि आजूबाजूचं मांस कमी करायचं आहे. निपल कापून वेगळं न करता ते मांसाच्या एका पट्ट्याला जोडलेलं ठेवतात, त्या पट्ट्यातून त्याला रक्त मिळतं आणि नस पण त्याच्यातूनच. हा पट्टा म्हणजे पेडिकल. वांग्याला देठ असतं तसं समजा, देठ शाबूत तर वांगं ताजं. देठ कोणत्या बाजूनं ठेवलं त्याच्यावरून त्याचं नाव, खालचं, वरचं, आतून-वरचं, बाजूचं. आणि गंमत अशी की एकाच अँकर कापातून आत खालचं देठ पण ठेवता येतं आणि वरचं पण. त्यामुळे दोन बायकांचे टाके हुबेहूब सारखे आणि एकीला निपलला सगळं कळतं, दुसरीला नाही, असं होऊ शकतं. माझ्या मैत्रिणीचं अँकर होतं तिला काही कळत नाही म्हणून मी लॉलीपॉपच करणार, असं ठरवण्यात काही अर्थ नाही.

खालचं देठ ही १९७० च्या दशकात रुळलेली पद्धत आणि जगभर अजूनही भरपूर चालते. छातीच्या खालच्या घडीपासून निपलपर्यंत आठ-दहा सेंटीमीटर रुंदीचा जाड पट्टा ठेवतात, आणि तो तळाशी स्नायूवरून सोलत नाहीत, तसाच चिकटलेला ठेवतात. वर सांगितलेला आडवा पडदा आणि खोल जाणारी चौथी फांदी, दोन्ही ह्या पट्ट्यात येतात. म्हणून संवेदना टिकवायच्या बाबतीत हिचं नाव चांगलं आहे. पण अट आहे. पट्ट्याची बाहेरची बाजू जास्त कोरली तर चार वाजताच्या दिशेनं येणारी नस तिथंच तुटते, मग नावाला खालचं देठ आणि नस गेलेली. आणि काखेच्या बाजूचा फुगवटा काढून टाकायचा मोह सर्जनला पण असतो आणि पेशंटला पण, बाई स्वतःच म्हणते की डॉक्टर इथून जास्त काढा, ब्लाउज इथंच अडकतो. हे बोलताना लक्षात असू द्या की नस पण तिथूनच येऊन राहिली आहे. खालच्या देठाचा दुसरा तोटा दिसण्याचा, वजन खालीच ठेवल्यामुळे काही वर्षांनी छाती खालून परत फुगल्यासारखी होते आणि वरचा भाग रिकामा वाटतो.

वरचं देठ म्हणजे निपल वरच्या भागाला जोडून ठेवायचं आणि मांस खालून, मागून काढायचं. आकार सुंदर येतो, वरचा भराव टिकतो, मात्र निपलच्या मागून-खालून मांस काढताना खोल नस त्याच मांसात असते. राहतात त्या फक्त उथळ फांद्या. २००५ मध्ये छापलेल्या व्हिएन्नाच्याच एका अभ्यासात पाच पद्धती समोरासमोर ठेवल्या होत्या, त्यात वरचं देठ ठेवून तळापासून मांस काढलेल्या बायकांची निपलची संवेदना इतरांपेक्षा जास्त घसरलेली निघाली. नसेचा रस्ता बघितला तर हे तसंही अपेक्षितच होतं.

आतून-वरचं देठ सध्या बरंच चालतं, विशेषतः लॉलीपॉप कापासोबत. कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले ह्यांनी १९९९ मध्ये आतल्या बाजूचं देठ आणि उभा काप ही जोडी सोपी करून मांडली आणि तिथून ते पसरलं. इथं मधल्या हाडाजवळून येणाऱ्या उथळ फांद्या बऱ्याचशा देठात राहतात, खोल चौथी राहीलच असं नाही, पण स्नायूच्या पडद्यावर थोडं मांस सोडून दिलं तर तिचा पण काही भाग वाचू शकतो. रिझल्ट काय, तर बहुतेक अभ्यासांमध्ये वर्षभरानंतर आतून-वरच्या आणि खालच्या देठात निपलच्या संवेदनेत फार मोठा फरक दिसत नाही. ज्यांना वाटतं एकच पद्धत बरोबर आणि बाकी सगळ्या चूक, त्यांनी हे वाचावं. बाजूचं देठ नसेच्या हिशेबानं उत्तम, पण जिथलं मांस काढायचं असतं तिथलंच ठेवावं लागतं म्हणून ते कमी वापरतात.

नुसत्या लायपोसक्शननं, म्हणजे छोट्या भोकातून चरबी ओढून, पण छाती कमी करतात, त्याच्यात निपल हलवतच नाहीत त्यामुळे संवेदना बहुतेक राहते. पण छाती चरबीचीच हवी आणि फार उतरलेली नको. सगळ्यांसाठी नाही ते.

आणि शेवटची पद्धत जिच्याबद्दल आधीच कळलेलं बरं, फ्री निपल ग्राफ्ट. शिकागोच्या मॅक्स थोरेकनी ही १९२२ मध्ये मांडली. ह्यात देठच नाही. निपल आणि त्याच्या भोवतीचा काळसर गोल कातडीच्या तुकड्यासारखा पूर्ण काढून घेतात, छाती लहान करतात आणि नव्या जागी परत लावतात, भाजलेल्या पेशंटला कातडी लावतात तसंच. ते तिथं जगतं, पण नस तुटलेली, दुधाच्या नळ्या तुटलेल्या. पुढे आजूबाजूच्या कातडीतून थोड्या नसा शिरतात आणि लागलं-भाजलं एवढं काहींना कळायला लागतं, पण आधीचा स्पर्श, विशेषतः शरीरसुखातला, परत येईल अशी आशा धरून ही पद्धत करू नये. निपल थोडं चपटं होतं आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरट चट्टे राहू शकतात. मग करतात काहून? कारण खूपच मोठी छाती, निपल इतकं खाली की देठ लांबच लांब होईल आणि टोकापर्यंत रक्त पोचणार नाही, किंवा पेशंटला शुगर आहे, तंबाखू आहे, आधी तिथंच ऑपरेशन झालेलं आहे. देठ ठेवून निपल काळं पडून गळून जाण्यापेक्षा ग्राफ्ट बरा, हा तो हिशेब आहे.

संवेदना म्हणजे एकच गोष्ट नाही हे पण इथं सांगायला पाहिजे. हलका स्पर्श, दाब, गरम-थंड, दुखणं, आणि शरीरसुखाची जाणीव, ह्या सगळ्या एकत्र जात नाहीत आणि एकत्र येत पण नाहीत. निपल ताठ होणं तर वेगळंच प्रकरण, ते आतल्या बारीक स्नायूंचं काम, त्याला हुकूम देणाऱ्या नसा पण वेगळ्या. त्यामुळे थंडीत निपल ताठ होते पण हात लावला तर कळत नाही, किंवा कळतं सगळं पण ताठ होत नाही, अशा दोन्ही प्रकारच्या बायका असतात आणि दोघींनाही वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं. दुधाचं पण नसेशी नातं आहे. बाळ ओढतं तेव्हा निपलची नस मेंदूला कळवते आणि मग दूध बनवायचं आणि सोडायचं अशी दोन हार्मोन निघतात, म्हणून नळ्या शाबूत पण नस गेलेली असेल तर दूध उतरायला अडचण येऊ शकते. लग्न-मुलं व्हायची असलेल्या मुलींनी संवेदनेचा प्रश्न आणि दुधाचा प्रश्न एकत्रच विचारावा, देठ तळापासून निपलपर्यंत जाड ठेवलं तर दोन्हीचे चान्स सुधारतात.

ही संवेदना मोजतात कशी, तर नायलॉनच्या वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्यांनी. शुगरच्या पेशंटच्या तळपायाला जो प्लास्टिकचा दोरा टेकवून बघतात ना, त्याच्याच घरातले, बारीक-बारीक. सगळ्यात बारीक कोणता कळला ते लिहून ठेवायचं. अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्याचं एक कारण हेच, कोणी दोऱ्यांनी मोजलं, कोणी बाईला नुसतं विचारलं, कोणी तीन महिन्यांनी, कोणी वर्षानं. आणि मोजमाप म्हणते कमी झालं पण बाई म्हणते मस्त आहे, असं पण होतं. मला विचाराल तर बाईचं म्हणणं जास्त धरावं.

निपल सोडून बाकीच्या कातडीचं थोडक्यात सांगते. टाक्यांच्या आजूबाजूला, गोल आणि खालच्या घडीच्या मधल्या पट्ट्यात, आणि बाहेरच्या बाजूला बधिरपणा जवळजवळ सगळ्यांनाच येतो कारण कातडी उचलताना बारीक फांद्या तुटतातच. तो आकसत जातो, एखादा रुपयाएवढा तुकडा कायमचा राहू शकतो आणि त्याची सवय होऊन जाते.

वेळ किती लागतो, हा प्रश्न माझ्या कामातला आहे. नसेला मार तीन प्रकारचा बसतो. नुसती दबली-ताणली असेल, सूज आली असेल, तर काही आठवड्यात ती आपोआप जागी होते. आतले धागे तुटले पण बाहेरचं आवरण शाबूत असेल तर धागे त्याच आवरणातून परत वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पूर्णच कापली गेली असेल तर तिचा तिचा रस्ता तिला सापडेलच असं नाही. आता हिशेब करा, काखेखालून निपलपर्यंत समजा पंधरा सेंटीमीटर, म्हणजे दीडशे दिवस, पाच महिने, आणि सुरुवातीचा थांबलेला काळ वेगळा. म्हणून दुसऱ्या महिन्यात "काहीच कळत नाही, गेलं माझं" असं रडत बसण्यात अर्थ नाही. वर्षभर सुधारणा होते, काहींची दीड-दोन वर्षं चालते. वर्ष उलटूनही अजिबातच काही नाही तर मग पूर्ण परत यायची शक्यता कमी धरावी.

मधल्या काळात जे होतं त्यानं बायका घाबरतात. अचानक सुई टोचल्यासारखा करंट, झिणझिण्या, खाज, आणि काहींना उलट इतकं जास्त कळतं की ब्लाउजचं अस्तर लागलं तरी अंगावर काटा येतो. हे बहुतेक वेळा नस जागी होत असल्याचं लक्षण आहे, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जास्त असतं, मग उतरतं. जखमा पूर्ण भरल्यावर आणि सर्जननं हो म्हटल्यावर, हाताच्या नसांच्या पेशंटला आम्ही जे करायला लावतो तेच इथं करता येतं, आधी मऊ धुतलेलं सुती कापड, मग जरा खरबरीत, मग टॉवेल, दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ, डोळे उघडे ठेवून आणि मग मिटून. खूप महिने झाले तरी एकाच ठिकाणी बोट लावलं की कळ मारते असं असेल तर तिथं तुटलेल्या नसेची गाठ झालेली असू शकते, ते दाखवून घ्या, त्याला उपचार आहेत.

बधिर कातडीचा खरा धोका वेगळाच आहे आणि त्याच्याबद्दल डिस्चार्जच्या वेळेस घाईघाईत सांगितल्या जाते, भाजणं. तुम्हाला कळत नाही म्हणून कातडीला लागत नाही असं नाही. छाती दुखते म्हणून आजीनं प्रेमानं गरम पाण्याची पिशवी दिली आणि बधिर जागेवर फोड आले, असं होतं. शेक नको. बर्फ पण थेट नको. जानेवारीत गिझरचं पाणी हातावर बघून मगच अंगावर घ्या, आणि उन्हाळ्यात उलटं, आपल्या इथं टाकीतलं पाणी दुपारी बारानंतर स्वतःच गिझर असतं. तारवाली ब्रा काही महिने बंद, रुतलेलं कळणार नाही.

औषधांचं विचारतात. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या जवळपास सगळ्यांनाच लिहून मिळतात. शाकाहारी घरात बी-ट्वेल्व्ह खरंच कमी असू शकतं आणि ते कमी असलं तर नसा तशाच कुरकुरतात, म्हणून ऑपरेशनच्या आधी तपासून भरून काढणं शहाणपणाचं. पण कापलेली नस गोळीनं जोडल्या जात नाही, महिनोन्महिने महागाच्या गोळ्या खाऊन वाट बघू नका. शुगर आधी ताब्यात आणा, वाढलेली शुगर नस आणि जखम दोन्ही खराब करते.

आणि तंबाखू. सिगारेट ओढता का विचारलं की बायका नाही म्हणतात आणि ते खरंच असतं, पण खर्रा? मिश्री? आपल्या नागपुरात खर्रा फक्त पुरुषच खातात असं कोणी म्हणत असेल तर त्यानं कोणत्याही पानठेल्यावर अर्धा तास उभं राहून बघावं कितीक पुड्या घरी "बायकोसाठी" जातात. निकोटिन कोणत्या पण रस्त्यानं गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आवळते, आणि देठाच्या टोकाला असलेल्या निपलला रक्त कमी पडलं तर संवेदना राहिली बाजूला, निपलच जायची भीती. कमीत कमी चार आठवडे आधी आणि तेवढेच नंतर पूर्ण बंद, आणि सर्जनला खरं सांगा. लाज वाटत असेल तर सोबतच्या माणसाला पाणी आणायला पाठवा आणि तेवढ्यात सांगा. स्पर्शाचा प्रश्न पण तेव्हाच विचारून टाका.

विचारायचं काय, तर तुम्ही माझ्यासाठी कोणतं देठ, म्हणजे पेडिकल, ठेवणार आणि तेच का. त्यातून निपलला नस कुठल्या बाजूनं राहील. स्नायूवरचं मांस तळाशी थोडं सोडणार का. बाहेरच्या बाजूनं किती काढणार. आधीची संवेदना तपासून फाइलमध्ये लिहून ठेवाल का, निदान कापसानं आणि पिननं तरी, म्हणजे नंतर तुलना कशाशी करायची ते राहील. अनुभवी सर्जनला हे प्रश्न आवडतात, आणि तुम्हाला देठ खालचं हवं असलं तरी त्यांचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे तिलाच महत्त्व द्या, हात न बसलेल्या माणसाकडून हट्टानं दुसरी पद्धत करून घेण्यात नस पण जाईल आणि आकार पण.

एक प्रश्न मात्र सही करायच्या आधी, ऑपरेशनच्या सकाळी नाही, निदान आदल्या भेटीत. टेबलावर असताना निपल निळं पडलं, देठातून रक्त पोचत नाही असं दिसलं, तर सर्जनला तिथल्या तिथं निपल काढून ग्राफ्ट म्हणून लावावं लागू शकतं, ते निपल वाचवण्यासाठीच असतं पण संवेदना तिथं संपते. हे क्वचित होतं. तुम्ही भुलीत असाल, विचारायला कोणी येणार नाही, आणि बाहेर बसलेल्या नवऱ्याला नाहीतर भावाला ह्यातलं काही माहीत नसेल. कन्सेंटच्या कागदावर ही ओळ बहुतेक असतेच, बारीक अक्षरात, इंग्रजीत. ती वाचून घ्या, नाही समजली तर मराठीत समजावून मागा, आणि घरच्या एका माणसाला आधीच सांगून ठेवा की असं झालं तर मला चालेल.